तूर किती वर्षे जगते?



लातूरहून एका ताईंचे पत्र आले आहे. पत्र चांगले तीन पानी आहे, पण मुद्दा एवढासाच. त्यांची मुलगी सहावीत आहे. विज्ञानाच्या चाचणीत वनस्पतींचे वार्षिक, द्विवार्षिक आणि बहुवार्षिक असे गट करायला सांगितले होते. मूग, गाजर, आंबा सगळे जागच्या जागी पडले. तूर मात्र तिने बहुवार्षिकच्या रकान्यात लिहिली आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. घरी येऊन मुलगी म्हणते, ‘आई, आजीच्या परसातली तूर मी तीन वर्षं बघतेय. शेंगा मीच तोडल्यात.’ आता ताई विचारतात, ‘मी हिला काय सांगू? पुस्तक खोटं म्हणू, की हिचे डोळे खोटे म्हणू?’

प्रश्न मला फार आवडला. गुण गेला याचे ताईंना दुःख नाही, आणि मलाही नाही. एका गुणाने कोणाचे काय अडते? अडते ते पुढेच. लातूरचे नाव ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर झाले. लातूरला काय किंवा नांदेडला काय, खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात, पहाटे उठून प्रश्नसंच सोडवतात, आणि त्यातून शेतकऱ्यांची कितीतरी लेकरे डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्याला नावे ठेवणारी मी नव्हे. पण चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय सहावीपासूनच लागली, की मूल हळूहळू पाहिलेले विसरायला शिकते. पुढच्या चाचणीत ही मुलगी निमूट ‘तूर – वार्षिक’ लिहील, पुरा गुण मिळवील आणि आजीच्या परसातली तूर मनातून पुसून टाकील, याची मला खरी धास्ती वाटते.

तेव्हा ताई, पुस्तकही खोटे नाही आणि मुलीचे डोळेही खोटे नाहीत. कसे ते जरा सावकाशीने पाहू.

आधी त्या ‘वार्षिक’ शब्दाचाच घोळ निस्तरायला हवा. मुलांना वाटते, वार्षिक म्हणजे वर्षभर जगणारे. मग एखादे चौकस पोर विचारते, ‘मूग तर दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, तो वार्षिक कसा?’ आणि आपण गप्प बसतो. खरे असे आहे की यात महिने मोजायचेच नाहीत. बी पेरल्यापासून नवे बी हाती येईपर्यंतचा फेरा एकाच हंगामात पुरा होतो आणि त्यानंतर झाड आपणहून मरते, ते वार्षिक. मूग दोन महिन्यांत मरो, सोयाबीन शंभरेक दिवसांत मरो, की रब्बीची ज्वारी चार महिन्यांत वाळो, गट एकच. म्हणून मुलांना ‘किती दिवस जगते?’ असे विचारू नये. ‘बी आल्यावर काय होते?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने अर्धे कोडे सुटते.

बी आल्यावर झाड मरते ते का, हेही मुलांना दाखवता येते. लातूर भागात सोयाबीन सगळीकडे आहे. शेंगा भरू लागल्या की पाने पिवळी पडतात आणि झडतात. पानांतला कस झाड काढून घेते आणि दाण्यात भरते. आईने आपल्या ताटातले लेकराच्या ताटात वाढावे, तसे. एखाद्या झाडाच्या शेंगा कोवळ्या असतानाच खुडून टाका, त्याची पाने शेजारच्या झाडांपेक्षा जास्त दिवस हिरवी राहतात. शेत नसले तर तुळशीवर पाहा. मंजिऱ्या खुडत राहिले की तुळस डेरेदार होते आणि टिकते. सगळ्या मंजिऱ्या पिकू दिल्या की ती लवकर काडी होऊन जाते. हे आपल्या आयाआज्यांना पाठच होते, फक्त त्याचा विज्ञानाच्या पुस्तकाशी संबंध आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता द्विवार्षिक. या गटाचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीत पडलेले असते. मुलांना वाटते द्विवार्षिक म्हणजे चोवीस महिने. तसे नाही. पहिल्या हंगामात झाड नुसते साठवते आणि दुसऱ्या हंगामात ती साठवण खर्चून फुलते, बी देते आणि संपते. कांदा म्हणजे ती पहिल्या हंगामाची शिल्लक. आपण मधेच ती शिल्लक उचलून फोडणीला घालतो, म्हणून कांद्याचे फूल शहरातल्या मुलांनी पाहिलेलेच नसते. गाजर, बीट, कोबी यांचेही असेच. गाजराचा हलवा म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या फुलांसाठी गाजराने जमवलेली साखर! आणि कोबीचा गड्डा म्हणजे न उलगडलेली भलीमोठी कळी. तिला उमलायला बरीच कडक आणि लांब थंडी लागते, ती आपल्याकडे कुठली? म्हणून कोबीचे बी हिमाचल प्रदेशातल्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात धरतात. आपल्याकडच्या देशी लाल गाजराला मात्र तेवढी थंडी लागत नाही, ते इथल्या हिवाळ्यावरही फुलते. मुळाही तसाच. बाजारात डिंगऱ्या येतात ना, त्या फुलून गेलेल्या मुळ्याच्याच शेंगा. म्हणजे या दुसऱ्या रकान्यातही थोडी दाटीवाटी आहे.

पण ताईंचा खरा प्रश्न तुरीचा आहे, आणि तूर ही मराठवाड्याची जिवाभावाची गोष्ट. लातूरच्या डाळ मिलमधली डाळ कुठे कुठे जाते! मृगाच्या आगेमागे सोयाबीनमध्ये किंवा ज्वारीत तुरीचे पाटे पडतात. बरोबरचे पीक निघून जाते, तूर एकटीच रानात उभी राहते आणि पौषाच्या सुमाराला कापली जाते. पाच-सहा महिने. म्हणून पुस्तकाने तिला वार्षिक म्हटले. आता मुलीला विचारा, सोयाबीनचे काड आणि तुराटी यांत फरक काय? सोयाबीनचे काड चुरून भुसा होते. तुराटी चुलीत जळते, तिचे कूड होतात, छपरावर घालतात. हे लाकूड आहे. एका हंगामात मरायला निघालेले झाड कशाला एवढे लाकूड करील? तूर मुळात झुडूप आहे, बहुवार्षिक. मोकळी सोडली, मुळाशी थोडी ओल राहिली तर ती तीन-चार वर्षे सहज जगते, पुन्हा पुन्हा फुलते. तिचे मूळ खोल जाते, म्हणून पाऊस गेल्यावरही ती रानात हिरवी दिसते. शेंगा आल्या म्हणून ती मरत नाही. मारतो तो विळा.

आजीच्या परसात विळा लागला नाही. मोरीचे पाणी मिळाले. नातीने तीन वर्षे शेंगा खाल्ल्या. तेव्हा ताई, तुमची मुलगी बरोबर आहे.

मग शेतकरी तूर ठेवत का नाहीत? आळस म्हणून नव्हे. एक तर पुढच्या पिकाला रान मोकळे हवे. दुसरे म्हणजे रोग. तुरीवर ‘वांझ’ नावाचा रोग येतो. (नाव मला मुळीच आवडत नाही, पण रानात तेच चालते.) झाड हिरवेगार, पाने बारीक, आणि फूल-शेंग काही नाही. डोळ्यांना न दिसणारे कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि उन्हाळाभर उभी राहिलेली जुनी तूर ही त्या कोळ्यांची धर्मशाळा होते. पावसाळ्यात नवी तूर उगवली की तिथून तिच्यावर. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने या रोगाला दाद न देणारे वाण काढले, त्यांतला बीएसएमआर ७३६ पुष्कळांना नावाने माहीत असेल. तरी शेतातली तूर वेळेवर काढणेच शहाणपणाचे. आजीच्या परसातली एखादी गोष्ट वेगळी.

तुरीसारखाच कापूस. नांदेड म्हटले की कापूस आलाच; ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस तिथल्या संशोधन केंद्राचा, एके काळी घरोघरच्या शेतकऱ्यांना ठाऊक होता. पुस्तकात कापूसही वार्षिकच्या रकान्यात घालतात. पण तुमच्यापैकी कितीजणींच्या माहेरी विहिरीजवळ किंवा देवळामागे देवकापसाचे झाड होते, आठवून पाहा. त्याचा कापूस वेचून वाती केलेल्या आहेत ना? ते झाड दरवर्षी का लावावे लागले होते? नाही. वर्षानुवर्षे तेच. कापसाची जातच मुळी बहुवार्षिक. शेतातल्या पऱ्हाटीलाही वेचणी झाल्यावर पाणी दिले की ती पुन्हा पाते-फुले धरते, त्याला ‘फरदड’ म्हणतात. दोन-चार क्विंटल जास्तीचा कापूस कोणाला नको असतो? पण गुलाबी बोंडअळीचा जीव मुख्यतः कापसावरच असतो. फरदड ठेवली की तिला हिवाळा-उन्हाळा आयता संसार मिळतो. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचे जे केले, ते शेताशी नाते असलेल्या घरांत अजून आठवत असेल. तेव्हापासून कृषी खाते आणि विद्यापीठ कानीकपाळी ओरडून सांगत आहेत, फरदड घेऊ नका, वेळेवर पऱ्हाट्या काढा. म्हणजे पाहा, झाड निसर्गाने बहुवार्षिक, आणि त्याला वार्षिक करून ठेवण्यात शेतकऱ्याचे हित. रकान्यातल्या एका शब्दामागे केवढे रामायण असते!

म्हणून मी मुलीच्या वहीत तीन रकान्यांऐवजी दोनच प्रश्न लिहायला सांगेन. ‘मूळ स्वभाव काय?’ आणि ‘आपण त्याला किती जगू देतो?’ तूर, कापूस, वांगे, मिरची यांच्यासमोर दोन वेगवेगळी उत्तरे येतील. हो, मिरचीसुद्धा! गॅलरीतल्या कुंडीतली मिरची पाऊस संपला म्हणून उपटू नका. फांद्या अर्ध्यावर छाटा, मूठभर शेणखत घाला, ती दुसऱ्या वर्षीही लागते.

केळीची गंमत आणखी वेगळी. नांदेडकडच्या वाचक भगिनींना अर्धापूर-मुदखेडच्या केळीबागा सांगायला नकोत. केळ निसवली, घड पिकला की ते खोड पुन्हा कधी निसवत नाही. ते संपलेच. मग केळ वार्षिक म्हणावी? नाही, कारण वर दिसते ते खोडच नव्हे, एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. (केळीचा सोट कापला तर मुलांना एक-एक थर सोलून दाखवा, फार आवडते त्यांना.) खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद, तो बाजूने पिले देत राहतो. आईच्या जागी लेक उभी राहते आणि घर चालू. हळदीचेही असेच. वरचा पाला वाळतो, पण कंद जिवंत असतो. आपण तो उकडतो, वाळवतो, म्हणून तो संपतो.

याच्या अगदी उलट केकताड आणि बांबू. रेल्वेने जाताना रुळाच्या कडेला किंवा माळावर केकताड दिसते. त्याचा वाख काढून दोर वळतात. ते कित्येक वर्षे नुसते पाने वाढवते, मग एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि मरते. माहूर-किनवटच्या जंगलातला बांबू तर कित्येक दशकांनी फुलतो आणि फुलल्यावर वाळतो. मिझोराममध्ये एका जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी सगळीकडे एकदम फुलोरा येतो. बियांवर उंदीर माजतात आणि मग शेतातले धान्य खातात. १९५९ मध्ये तिथे त्यातून दुष्काळ पडला होता, आणि २००६-०७ च्या सुमारास पुन्हा तोच फेरा आला. आता बांबू बहुवार्षिक खरा, पण बी देऊन मरण्याचा स्वभाव मुगासारखा. मुलीला सांगा, असे झाड सापडले की रकाना मोडला म्हणून घाबरायचे नाही, झाडाचे नाव शेजारी लिहून ठेवायचे.

हे सगळे कशासाठी, असे एखादी म्हणेल. मूल झाडे ओळखायला शिकले काय, न शिकले काय. मला वाटते, आपल्या भागात तरी हे शिकणे चैनीचे नाही. मुगा-सोयाबीनासारखी झाडे आपला उन्हाळा बी होऊन काढतात. कणगीत नाहीतर पोत्यात निजलेली असतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्यांना थेंबभर पाणी लागत नाही. ऊस मात्र गवतच, पण बहुवार्षिक गवत. कांडी लावायची, बारा ते अठरा महिन्यांनी तोडायची, की बुडख्यातून खोडवा फुटतो, त्यानंतर निडवा. तो सबंध उन्हाळा रानात उभा असतो आणि उभे असणाऱ्याला पाणी लागतेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या किती वाचक असतील! ऊस लावावा की नाही, हे मी घरबसल्या सांगू नये. ज्याची शेती त्याचा हिशेब. पण कोणते पीक उन्हाळ्यात निजते आणि कोणते जागे राहते, एवढे ज्या मुलाला कळते, त्याला उद्या हा हिशेब मांडता तरी येईल.

शहरात राहणाऱ्यांसाठी जवळचे उदाहरण म्हणजे अंगणातले तण. गाजरगवत वार्षिक, बियांवरच त्याचा सगळा भरवसा, आणि एका झाडाला हजारो बिया. ते पांढरे फूल येण्याआधी मुळासकट उपटले (हातमोजे घालून बरं का, अंगावर पित्त उठते) की काम झाले. फूल येऊन बी सांडल्यावर उपटणे म्हणजे चोर गेल्यावर कुलूप. हरळी आणि लव्हाळा बहुवार्षिक. ते कितीही वरून खुडा, खालून पुन्हा येतात. त्यांच्या गाठी आणि मुळ्या खणूनच काढाव्या लागतात. तीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो, आणि दरवर्षी त्याच जागी मिळते, ती का, हे आता मुलांनाच विचारा.

आता बाईंना काय सांगायचे? भांडायला मुळीच जाऊ नये. चाचणीत जे विचारले ते शेतातल्या पिकाबद्दल होते आणि त्या दृष्टीने ‘वार्षिक’ हेच उत्तर. मुलीने परीक्षेत तेच लिहावे, आणि वहीत आपले तीन वर्षांचे पाहणे लिहावे: कधी फुलली, कधी शेंगा, पाणी कोणते. ती वही बाईंना नेऊन दाखवावी. मला खात्री आहे, मुलांनी स्वतः पाहून लिहिलेले वाचायला मिळाले तर शिक्षकांना आनंदच होतो. त्यांनाही रोज तेच ते तपासून कंटाळा येत असेल. आणि जमले तर सोबत आजीच्या झाडाची एक शेंग लागलेली फांदी न्यावी.

शेवटी घरी करण्याजोगे काही. दिवाळीनंतर तीन कुंड्या घ्या. कुंडी नसेल तर तेलाचा रिकामा डबा, बुडाला दोन-तीन भोके पाडून. एकीत धणे रगडून दोन फाकी करून पेरा. निम्मी कोथिंबीर खुडून वापरा, निम्मी तशीच ठेवा. ती फुलेल, नवे धणे देईल आणि वाळून जाईल. हे वार्षिक. दुसरीत मिरचीचे रोप लावा आणि वर सांगितले तसे दोन वर्षे सांभाळा. तिसरीत टोपलीतला एक मध्यम, घट्ट, न सडलेला कांदा मान वर ठेवून लावा, डोके जेमतेम झाकेल इतक्या मातीत. थंडीत पात जोर धरेल, मग मधून पोकळ, फुगीर दांडा वर येईल, त्याला डेंगळा म्हणतात. त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. त्यावर मधमाश्या येतील, तेव्हा कुंडी गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात न ठेवता बाहेरच्या कठड्यापाशी ठेवा, आणि त्या दिवसांत फवारणी काही करू नका. तोवर मातीत हात घालून मुलांना कांदा चाचपायला सांगा. तो मऊ आणि पोकळ झालेला असेल.

फाल्गुन-चैत्रात गोंडा वाळू लागतो आणि बोंडे फुटून आत काळे बी दिसते. तसे दिसले की त्याच दिवशी गोंड्याला कागदी पिशवी बांधा, नाहीतर वाऱ्याने बी सांडते. बी उन्हात न वाळवता सावलीत वाळवा आणि येत्या हंगामातच पेरा. कांद्याचे बी फार दिवस ठेवले की उगवत नाही.